एसएनएफ घसरलं, दूध फाटतंय? आधी कास तपासा

प्रश्न : गाय चांगली खाते, कासेला सूज नाही. तरी एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) उतरलंय, दूध खारट लागतं, तापवताना कधीकधी फाटतं. औषध दुकानदाराने खनिज पावडर दिली, मग सडात ट्यूब सोडायला लावली. आता विरजणही लागत नाही. काय करावं?

उत्तर : ही बहुधा छुपी दगडी, म्हणजे वरून सूज न दिसणारा कासेचा संसर्ग. गोठ्यात दिसणाऱ्या दगडीपेक्षा हिचंच प्रमाण जास्त असतं. कासेतल्या पेशी दुखावल्या की दुधातली साखर घटते आणि रक्तातलं मीठ दुधात उतरतं, म्हणून चव खारट. केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, तुटतं, क्षारांचा तोल बिघडतो, मग दूध आचेवर टिकत नाही. असल्या दुधाचं पनीरही कमी पडतं. निरोगी सडाच्या दुधात सोमॅटिक पेशी (गायीच्या अंगातून दुधात उतरणाऱ्या, मुख्यतः पांढऱ्या पेशी) मिलीलिटरला १ लाखाच्या आत असतात. २ लाखांवर गेल्या की सड बाधित धरायचा. पावडरीच्या कितीही पुड्या चारल्या तरी हे एसएनएफ वर येणार नाही.

विरजण का लागत नाही? ट्यूबमधलं प्रतिजैविक दुधात आलं, विरजणाचे जंतू मेले. दूध उकळून ते जात नाही. ट्यूब एकाच सडात सोडली असली तरी वेष्टनावर दिलेली दूध न वापरण्याची मुदत संपेपर्यंत चारही सडांचं दूध फेकून द्यायचं. तुमच्या एका बादलीने अख्खा टँकर नासू शकतो.

दुकानदाराच्या तोंडी सल्ल्यावर ट्यूब सोडू नका. लवकर गुण यावा म्हणून एका वेळी दोन सोडू नका. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून डोस अर्धवट तोडू नका. गाय आटवताना, म्हणजे धार बंद करताना, सोडायची ट्यूब दुभत्या गायीला तर मुळीच नको, तिचं औषध कासेत कित्येक आठवडे राहतं. नेमका हाच घोळ मी गोठ्यागोठ्यात पाहतो. दुधाचा नमुना औषधाआधी घ्या, नंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडेलच असं नाही. औषध पशुवैद्यक ठरवतील, दुकानदार नाही.

दर पंधरा दिवसांनी सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, गोठ्यातच होणारी दगडीची चाचणी) करा. पहिल्या धारा सोडून चार कप्प्यांच्या पॅडलमध्ये प्रत्येक सडाचं दूध घ्या, तेवढंच सीएमटीचं द्रावण घाला, गोल फिरवा. शेंबडासारखं घट्ट झालं तर तो सड बाधित. चिकाचे दिवस आणि आटत आलेली गाय यात धरू नका, निकाल फसवतो.

आणि खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर सड बुडवण्यावर करा. प्रत्येक धारेनंतर, प्रत्येक सड, सडांसाठीच्या आयोडीन द्रावणात पूर्ण बुडवायचा. नुसता फवारा नको. सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास उघडं असतं, तेवढ्यात गव्हाणीत वैरण टाका म्हणजे गाय बसणार नाही. बाधित गायीची धार शेवटी काढा.

विमा असेल तर उपचाराच्या चिठ्ठ्या जपा, बाकी अटी पॉलिसीत वाचा. बाधित सडाचं दूध वासरालाही पाजू नका.