'रेस' म्हणजे जात नव्हे, वंश

परभणीच्या एका ताईंनी विचारलंय : चिमामांडा न्गोझी अदिची यांची 'अमेरिकाना' (२०१३) ही कादंबरी वाचतेय. नायजेरियाहून अमेरिकेत गेलेल्या इफेमेलुबद्दल वाचनगटात बोलायचंय. 'रेस'ला जात म्हणू, वर्ण की वंश? आणि 'अमेरिकाना'ला मराठीत काय म्हणू?

ताई, जात तेवढी म्हणू नका. 'तिला तिकडे जातीयवाद सोसावा लागला' हे वाक्य हल्ली सारखं कानावर येतं आणि डोकं फिरतं. बीडचा ऊसतोड मजूर कोल्हापूरला गेला तरी जात गावात होती तीच राहते. इफेमेलुला 'काळी' ही ओळखच मुळी अमेरिकेत उतरल्यावर मिळते. मग वर्ण म्हणावं? वर्ण म्हणजे रंग. पण आफ्रिकी केसांच्या वेण्या घालायला तिला प्रिन्स्टनहून दुसऱ्या शहरात, ट्रेंटनला जावं लागतं, ते केस वर्णात कुठे बसवणार? म्हणून वंश.

आणि हा वंश म्हणजे मुळात काय माहितीये? बांबू! बांबू पेरापेरानं वाढतो, कूळ पिढीपिढीनं. पाठीच्या कण्यालाही पेरं, म्हणून तो पृष्ठवंश. हिंदीतला बाँस, बाँसुरी आणि आपला छपराचा वासा, सगळे एकाच बेटातले. 'घर फिरलं की घराचे वासेही फिरतात' या म्हणीतले वासे लाकडाचे नव्हेतच, वंशातली माणसं आहेत, असं माझं ठाम मत आहे. दिवस फिरल्यावर पाठ फिरवतात ते भाऊबंदच ना? नुसतं छप्पर असतं तर म्हण इतकी जिव्हारी लागलीच नसती.

जुने संस्कृत कोशकार वंशाची व्युत्पत्ती 'वम्' म्हणजे ओकणे, बाहेर टाकणे या धातूपासून लावतात. ही निव्वळ ओढाताण आहे. प्रत्येक शब्दाला धातू चिकटवलाच पाहिजे हा हट्ट कशाला? बांबूचं बेट समोर उभं असताना ओकारीकडे जायचं कारण काय? उलट बृहदारण्यक उपनिषद उघडा. तिथे 'वंश' म्हणून गुरुशिष्यांची परंपरा सांगितलीय, म्हणजे वंशाला रक्ताचंच नातं लागतं असं तेव्हाही नव्हतं.

तेव्हा गटात वंश, वंशभेद असंच म्हणा. 'अमेरिकाना', म्हणजे अमेरिकेत राहून तिकडचे ढंग घेऊन परतलेली व्यक्ती, हा नायजेरियातला शब्द मात्र तसाच ठेवा. 'परदेशी' तर अजिबात नको, कारण नायजेरियात, लागोसला परतल्यावर 'अमेरिकाना' म्हणून इफेमेलुला चिडवणारी तिची स्वतःची मैत्रीण आहे.