शेतीच्या कामालाही चालेल आणि डोंगरात कच्च्या वाटेवरही घालता येईल अशी एकच गाडी कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न असा की सिमरोळच्या पुढे आठ एकर शेत आहे, राहायला इंदूरात, आठवड्यातून एक-दोन चकरा होतात, सोयाबीन, लसूण, थोडा बटाटा, आणि सुट्टीच्या दिवशी चोरल, कालाकुंड, जाम गेटच्या बाजूला कच्च्यात गाडी घालायची हौस. थार, जिम्नी का डबल कॅबिन पिकअप, आणि ती अमेरिकेत शेतावर फिरवतात तशी उघडी, पोलारिस टाइपची गाडी इथे घेता येईल का.

आधी ते पोलारिसचं उरकतो कारण यूट्यूब बघून सगळ्यांना तीच हवी असते. पोलारिस रेंजर, जॉन डिअरची गेटर, कावासाकीची म्यूल, या गाड्या खरंच कामाच्या आहेत, दोन सीट शेजारी-शेजारी, मागे पलटी होणारा डाला, बेल्टवालं ऑटोमॅटिक. रेंजर एक्सपी १००० चा डाला हजार पौंड म्हणजे साधारण साडेचारशे किलो घेतो आणि मागे अडीच हजार पौंड ओढते. पण तिकडे घर आणि शेत एकाच कुंपणात असतं, जंगलात फिरायला अशा गाड्यांसाठीच काढलेल्या वाटा असतात, आणि गाडी ट्रेलरवर टाकून तिथवर न्यायला दारात मोठा पिकअप उभा असतो. तुमचं शेत आहे खंडवा रोडच्या बाजूला. या गाड्यांना इथे रोडवर चालवायला नंबर मिळत नाही, मग राजेंद्र नगरहून सिमरोळला ती न्यायची कशावर? म्हणजे परत दुसरी गाडी आलीच. पोलारिसने २०२१ मध्ये स्पोर्ट्समन ५७० ही ट्रॅक्टर म्हणून पास करून रोडवर चालेल अशी आणली होती, आठ लाखांच्या आसपास, पण ती घोड्यासारखी बसायची चारचाकी, त्यावर लसणाचे कट्टे रचून तुम्ही चोइथराम मंडीत जाल का सांगा. आणि आयशर-पोलारिसची मल्टिक्स कोणाला आठवत असेल तर, २०१५ ला आली होती, जयपूरला बनायची, छोटं डिझेल इंजिन, गाडीतूनच तीन किलोवॅट वीज काढून पंप चालवा नाहीतर घरचे दिवे लावा. मला ती गाडी मनापासून आवडायची, २०१८ ला बंद केली. तर हा रस्ता सोडून द्या.

आता मुख्य. लोक गाडी निवडतात ती डोंगरातले फोटो बघून, आणि वर्षभर तिच्याकडून काम घेतात हमालाचं. उलटं करा. आधी वजन लिहून काढा. युरियाची बोरी ४५ किलोची, डीएपीची ५० ची. दहा बोऱ्या युरिया म्हणजे साडेचारशे, त्यात तुम्ही आणि शेतावरचा माणूस मिळून दीडशे, झाले सहाशे किलो, अजून फवारणीचा पंप, पाइपाचं भेंडोळं, डिझेलचा कॅन बाकीच आहे. जिम्नीचं मोकळं वजन साधारण बाराशे किलो आणि भरलेलं जास्तीत जास्त १५४५, म्हणजे ड्रायव्हर धरून साडेतीनशेच्या आतच सगळं. चार धडधाकट माणसं बसली आणि मागे टिफिन ठेवला की कोटा संपला. आमच्या ग्रुपमध्ये एकाकडे आहे, डोंगरात ती शेळीसारखी चढते, मला स्वतःला तिच्यात बसायला फार आवडतं, पण शेतावर त्याची गाडी बियाणं आणि चहाचा थर्मास नेते, बाकी सगळं पिकअप भाड्याने. बोलेरो कॅम्पर, म्हणजे महिंद्राचा डबल कॅबिन पिकअप, उलट एका टनाच्या आसपास घेऊन जातो, मागे कमानपट्टे, खाली चेसिस, गावातला कोणताही मिस्त्री डोळे झाकून खोलतो. थार या दोघींच्या मध्ये, पण मागची सीट पाडली तरी जागा केवढी असते ते शोरूममध्ये एकदा दोन रिकामे क्रेट सोबत नेऊन बघा, सेल्समन हसेल, हसू दे.

तर मला विचाराल तर एकच गोष्ट ठरवा: वर्षातून किती वेळा तुम्ही स्वतः तीनशे किलोच्या वर माल नेता. माल मंडीत न्यायला तसंही सीझनमध्ये ट्रॅक्टर-ट्रॉली नाहीतर भाड्याचा पिकअपच लागतो, आठ एकराचं सोयाबीन कॅम्परमध्ये एका फेरीत मावणार नाहीच. म्हणजे तुमच्या गाडीचं खरं काम म्हणजे खत, बी, औषध, मोटर दुरुस्तीला नेणं-आणणं, दोन-चार मजूर, आणि घरी आणायची भाजी. हे जर दर आठवड्याला असेल तर पिकअप. हे जर जून आणि ऑक्टोबरमध्ये चार-आठ फेऱ्यांचं काम असेल तर पिकअप घेऊन वर्षभर रिकामा डाला उडवत फिरण्यात मजा नाही, कारण रिकामी कॅम्पर कच्च्यात मागून जी उसळते ना, घरचे दुसऱ्यांदा येत नाहीत. आम्ही डोंगरात जाताना डाल्यात एक्सलच्या वर रेतीच्या दोन-तीन बोऱ्या बांधून टाकतो, उसळणं कमी होतं आणि चढावर मागची चाकं पकड पण धरतात.

दुसरी गोष्ट काळी माती. माळव्यातली ही माती पाणी प्यायली की फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि मग टायरचा गुलाबजाम होतो, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) असो की टेन बाय टेन, चारही गुलाबजाम फिरत बसतात. थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, २२६ मिलीमीटर, जिम्नीचा २१०, पण शेताच्या वाटेवर ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या त्याहून खोल असतात आणि ट्रॅक्टरची चाकं आणि आपल्या गाडीची चाकं एका मापाची नसतात, त्यामुळे एक चाक चाकोरीत, एक कडेला आणि एक्सलचा मधला गोळा टेकला उंचवट्याला. गाडीचं पोट टेकलं की कंपनीने ब्रोशरमध्ये काहीही छापलेलं असू दे, शेजाऱ्याचा ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. म्हणून माझं मत जरा वेगळं आहे, शेताच्या वाटेवर आधी मुरूम टाकून घ्या, बाजूला पाणी जायला नाली काढा. फोर बाय फोरसाठी जेवढे जास्त मोजता त्यात एवढं काम होऊन वर पैसे उरतील, आणि त्याचा फायदा ट्रॅक्टरला, बाइकला, दूधवाल्याला पण. हे करूनही जुलै-ऑगस्टमध्ये चार-पाच दिवस असे असतातच जेव्हा बाहेर गाडी लावून चिखलात पायी जायचं.

मग फोर बाय फोर लागतं कशाला? तर तुमच्या रविवारला. माळव्याचं पठार साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि नर्मदेचं खोरं त्याच्या कितीतरी खाली, त्यामुळे महू-सिमरोळच्या दक्षिणेला जिथे विंध्याचा कडा तुटतो तिथे सगळ्या वाटा सुट्या काळ्या दगडाच्या आणि तीव्र उताराच्या. जाम गेटवरून मंडलेश्वरकडे उतरणारा रस्ता डांबरी आहे, त्याला काही नको, तिथे वॅगन आर पण जाते. पण बाजूच्या बैलगाडीच्या वाटा, चोरल नदीचे गोट्यांचे पाट, तिथे काम येतो तो लो गिअर. लक्षात घ्या, चार चाकांना ताकद मिळणं वेगळं आणि लो रेंज असणं वेगळं. थारमध्ये लोचा रेशो २.४८ आहे, म्हणजे त्याच इंजिनचा जोर चाकावर जवळजवळ अडीचपट आणि स्पीड तेवढाच कमी, माणूस चालतो तशी गाडी दगडावरून उतरते, ब्रेकला पाय लावायची गरजच नाही, इंजिनच धरून ठेवतं. उतारावर सारखा ब्रेक दाबून उतरणाऱ्यांच्या ड्रमचा वास मागच्या गाडीपर्यंत येतो. आणि फोर हाय, म्हणजे लो न टाकता चारही चाकांना ताकद, कोरड्या डांबरावर लावून नका चालवू, वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, या गाड्यांत मधे डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारा गिअरचा गोळा) नसतं, सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या दुसऱ्या गिअरबॉक्सवर. नवीन घेतलेले हौशी लोक बायपासवर हेच करताना दिसतात.

इथे एक सावध करतो. जानेवारी २०२३ पासून थार १.५ डिझेलमध्ये नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी पण येते. दिसायला तीच, रुबाब तोच, ट्रान्सफर केसच नाही. थार रॉक्स, म्हणजे पाच दारांची मोठी थार, तिच्यात पण फोर बाय फोर फक्त डिझेलला आहे, पेट्रोलला नाही. बाहेरून बघून सौदा करू नका, आत तो दुसरा छोटा लिव्हर किंवा स्विच आहे का बघा.

इंजिनच्या ताकदीचं लोक फार धरून बसतात. दगडात तुम्ही दहाच्या स्पीडने जाणार, तिथे १३० हॉर्सपॉवरचं काय करायचं आहे. त्यापेक्षा लांबी बघा. थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिलीमीटर, जिम्नीचा २५९०, इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या मोठ्या पिकअपचा ३१०० च्या जवळ. लांब गाडी बांधावरून किंवा नाल्याच्या काठावरून जाताना मधेच टेकते आणि अरुंद वाटेवर वळताना दोनदा-तीनदा मागेपुढे करावी लागते. लॉकर, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारं कुलूप, असेल तर चांगलंच, कारण साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत लटकलं की सगळा जोर त्या लटकलेल्या चाकालाच जातो आणि जमिनीवरचं चाक गप्प उभं. फोर्स गुरखामध्ये पुढे-मागे दोन्हीकडे लॉकर येतात, डिझेल, आणि फोर्सचा कारखाना तर आपल्या पिथमपूरलाच आहे. चढायला जबरदस्त, पण शहरात रोज राजवाड्याच्या गर्दीत चालवायची असेल तर आधी एक पूर्ण दिवस चालवून बघा आणि मग बोला.

कागदपत्रांकडे लोक शेवटी बघतात. कॅम्पर मालवाहू म्हणून पास होते, पिवळी प्लेट. एकूण वजन तीन टनापर्यंत असेल तर परमिट लागत नाही, पण फिटनेस लागतो, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी. लायसन्सचं टेन्शन नको, साडेसात टनापर्यंतची गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालते हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगून टाकलंय. डाल्यात माणसं बसवू नका, मजूर असले तरी, काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिला तोच प्रश्न विचारतो. व्ही-क्रॉस आणि हायलक्स पांढऱ्या प्लेटवर घेता येतात, घरची गाडी म्हणून, पण सव्वापाच मीटरची गाडी लोकमान्य नगरच्या गल्लीत लावणार कुठे ते आधी टेप घेऊन मोजा. शिवाय तेवढ्या पैशात आठ एकराचा हिशोब मला तरी बसत नाही, तुमचा बसत असेल तर गोष्ट वेगळी.

तर तुमच्या जागी मी असतो तर, खताच्या फेऱ्या खरंच दर आठवड्याला असतील तर कॅम्परचं फोर व्हील ड्राइव्हवालं मॉडेल. माझ्याकडे तीच आहे म्हणून बाजू घेतोय असं समजा हवं तर. ७५ हॉर्सपॉवर, हायवेवर आरामात चालायची, घाई नाही. कामाच्या फेऱ्या कमी आणि घरचे चार जण नेहमी बरोबर असतील तर थारचं डिझेल फोर बाय फोर, माल भाड्याने. एकटे किंवा दोघंच फिरता, पेट्रोल चालतं, कमरेला जपायचंय, तर जिम्नी. साधी बोलेरो पण विसरू नका, फोर बाय फोर नसूनही माळव्यात अर्ध्या शेतकऱ्यांचं वर्ष तिच्यावर निघतं, फक्त मग चोरलच्या पाटात घालायची स्वप्नं सोडा.

टायरचे पैसे वेगळे ठेवा. बऱ्याच गाड्यांना शोरूममधून येतात ते रोडचे टायर, ते दगडावर कडेने फाटतात. ऑल टेरेन (रोड आणि कच्चा दोन्हीला चालणारे) घ्या, मड टेरेन (खोल खाचांचे, चिखलाचे) नको, तुमचं नव्वद टक्के चालणं डांबरावर आहे, तिथे मड टेरेन भुणभुण करतात आणि लवकर झिजतात. दगडात उतरताना टायरची हवा २० पीएसआयपर्यंत कमी करा, परत येताना भरायला बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर सीटखाली असू दे. ओढायचा पट्टा आणि दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) पण. आणि एकटी गाडी घेऊन खाली उतरू नका, तिथे बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते.

जंगलाचं पण सांगतो, चोरलच्या बाजूला बराच भाग वन विभागाचा आहे, राखीव जंगलात परवानगीशिवाय गाडी घालणं वन कायद्याने गुन्हा आहे, गाडी जप्त पण होऊ शकते. गावाची वाट कुठे संपते आणि जंगल कुठे सुरू होतं ते गावातल्या माणसाला विचारूनच पुढे जा, तो वाट पण बरोबर सांगतो आणि कालाकुंडचा कलाकंद आज कोणाकडे ताजा आहे ते पण.

जुनी घेणार असाल तर दिल्लीसारखी दहा वर्षांची डिझेलची अट आपल्याकडे नाही, त्यामुळे सात-आठ वर्षांची चेसिसवाली चांगली गाडी बघायला हरकत नाही. फक्त खाली झोपून चेसिसवर वेल्डिंगचे डाग, ट्रान्सफर केसमधून तेल, पुढच्या शाफ्टचे फाटलेले रबरी बूट हे बघा, आणि मालकासमोर कच्च्यात नेऊन लो टाकून बघा. कित्येक जणांनी तो लिव्हर घेतल्यापासून हलवलेलाच नसतो, जाम झालेला असतो. तुमच्या फेऱ्या किती आणि शेतापर्यंत शेवटचा तुकडा कसा आहे ते खाली लिहा, मग मॉडेलचं अजून नेमकं सांगता येईल.