सबटायटल्स 'पुढे' आहेत म्हणजे आधी की नंतर?

कोथरूडच्या एका फिल्म ग्रुपमधून दोन प्रश्न आलेत. "सबटायटल्स पुढे आहेत" म्हणजे ती लवकर येतात की उशिरा? आणि फाइलच्या नावातल्या १०८०पी, एक्स२६४, ब्लू-रे या खुणांचा त्याच्याशी संबंध असतो का?

पहिला प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे, कारण मराठीत 'पुढे' दोन्हीकडे चालतो. घड्याळ पुढे आहे म्हणजे ते खऱ्या वेळेच्या आधी धावतंय. परीक्षा पुढे गेली म्हणजे ती उशिरा होणार. म्हणून "दोन सेकंद पुढे घे" असं सांगितलं की ऐकणारा उलटी कळ दाबू शकतो, आणि भाषेच्या दृष्टीने तो चुकलेला नसतो. माझं स्पष्ट मत आहे, इथे पुढे-मागे टाळावं. 'संवादाच्या आधी येतात', 'संवादानंतर येतात' असं म्हणावं. आधी येत असतील तर विंडोजवरच्या व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'एच' कळ, नंतर येत असतील तर 'जी'. एकदा दाबलं की ५० मिलिसेकंद सरकतात.

यात एक तिसरी तक्रारही असते आणि तिला 'सरकत जातात' हेच म्हणावं. सुरुवातीला जुळतात, मग अंतर वाढतच जातं. सिनेमा साधारण सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा; व्हिडिओ फाइलमध्ये हा वेग बहुधा २३.९७६ असतो. पाल पद्धतीच्या (युरोप, भारत इथल्या जुन्या) टीव्हीसाठी तोच २५ने पळवतात. त्या आवृत्तीची सबटायटल्स २३.९७६च्या फाइलला लावली, तर तासाभरात ती संवादाच्या सुमारे अडीच मिनिटं आधी येऊ लागतात. इथे 'एच' दाबत बसून भागत नाही. सबटायटल एडिटसारख्या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट बदलून सगळ्या वेळा ताणाव्या लागतात.

आता फाइलचं नाव. त्यातली ब्लू-रे (डिस्क), वेब-डीएल (इंटरनेटवरून उतरवलेली), एचडीटीव्ही (टीव्ही प्रसारणातली) ही खूण आवृत्ती कुठून घेतली ते सांगते, आणि वेळेसाठी पाहायची ती हीच. एकीत सुरुवातीला कंपन्यांची बोधचिन्हं जास्त असली, तर दुसरीची सबटायटल्स शेवटपर्यंत तेवढ्याच फरकाने चुकतात. १०८०पी म्हणजे एकाखाली एक १०८० ओळी. 'पी' पिक्सेलचा नाही, प्रोग्रेसिव्हचा: प्रत्येक फ्रेममधल्या सगळ्या ओळी एकदम. 'आय' असेल तर एकाआड एक. एक्स२६४ हे एच.२६४ पद्धतीने व्हिडिओ आवळणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव. या दोन्हींचा सबटायटल्सच्या वेळेशी संबंध नाही.