विंचू येतो कुठून? बहुतेक वेळा कूलरच्या खिडकीतून

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की नागपूर परिसरातल्या वाचकांच्या टपालात विंचवांविषयीच्या प्रश्नांची गर्दी सुरू होते आणि मृगाची पहिली सर पडली की ती आणखी वाढते. उन्हाळ्यात विंचू गारवा आणि भक्ष्य शोधत घराकडे सरकतो. पहिल्या दणक्यात दगडांखाली, बिळांत पाणी शिरलं की तोच कोरड्या जागेसाठी घरात येतो. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून एकत्रच घेतले आहेत.

प्रश्न : घरामागे काळाकुट्ट, चांगला मोठा विंचू निघाला. शेजारी म्हणतात, काळा म्हणजे जहाल. खरं का? (हिंगणा)

उलट आहे. आपल्याकडे जिवावर बेततो तो तांबूस-तपकिरी, मध्यम आकाराचा लाल विंचू. शास्त्रीय नाव हॉटेनटोट्टा तामुलस. त्याचे पुढचे चिमटे बारीक आणि शेपूट जाड असते. मोठ्या काळ्याचे चिमटे खेकड्यासारखे जाड आणि शेपूट त्या मानाने बारीक. त्याचा डंख सणकून ठणकतो, पण सहसा जीव घेत नाही. ‘सहसा’ म्हटलंय, तेवढं लक्षात ठेवा. पिल्लांचा रंग फिका असतो आणि टॉर्चच्या उजेडात रंग फसवतो. विंचू घरात निघाला असेल आणि कुणाला चावला नसेल, तर काचेच्या बरणीखाली झाकून फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा. चावला असेल तर ओळख पटवत बसू नका, दवाखाना गाठा.

प्रश्न : डांबर गोळ्या, फिनाइल, लसणाचं पाणी, कडुनिंबाचा धूर, यातलं काय चालतं? (नंदनवन)

काहीच नाही. डांबर गोळ्या तर तान्ह्या बाळाच्या खोलीत ठेवूच नका. जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तपेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात.

प्रश्न : प्लगमध्ये लावायचं अल्ट्रासॉनिक यंत्र घ्यावं का? (धरमपेठ)

नको. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच असली यंत्रं विकणाऱ्यांना ‘दाव्याला शास्त्रीय आधार असेल तरच दावा करा’ अशी इशारापत्रं धाडली होती. आपल्याकडे तीच यंत्रं नवा डबा घालून विकली जातात.

प्रश्न : पेस्ट कंट्रोलवाला वर्षभराची गॅरंटी देतोय, ‘हर्बल’ औषध म्हणतो. फवारून घ्यावं? (बेसा)

विंचवासाठी वर्षभराची गॅरंटी देणारा माणूस गोड बोलतोय, एवढंच. विंचू पायांच्या टोकांवर चालतो, त्यामुळे फवारलेल्या फरशीवरून गेला तरी अंगाला औषध फारसं लागत नाही. दिवसा तो ज्या खोल सांदीत बसतो तिथवर फवारा पोचत नाही. तो महिनोन्महिने उपाशी राहू शकतो, म्हणजे विषारी आमिषाचाही उपयोग नाही. बाहेरच्या भिंतीवरचं औषध आपल्या मे महिन्याच्या उन्हात फार दिवस टिकत नाही. शिवाय एखाद्या फटीत डेल्टामेथ्रिनसारखं औषध मारलं की आतला विंचू त्याच रात्री अस्वस्थ होऊन बाहेर पडतो, आणि कधी कधी तो ‘बाहेर’ म्हणजे तुमचा हॉल असतो.

फवारणीचा खरा उपयोग झुरळं आणि रातकिडे कमी करण्यासाठी, कारण विंचू त्यांच्या मागे येतो. दारावरचा पांढरा भगभगीत दिवा काढून पिवळा एलईडी लावलात तर किडे कमी जमतात. हा उपाय जवळपास फुकट आहे. तरी माणूस बोलवायचाच असेल तर कीटकनाशक कायदा १९६८ खालचा कृषी विभागाचा परवाना मागा, बाटलीवरचं लेबल स्वतः वाचा आणि पाण्यात किती मिसळतो ते समोर पाहा. लेबल नसलेली ‘हर्बल’ बाटली दारातूनच परत पाठवा. घरात दमेकरी, गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि शेतातून उरलेलं कापसावरचं औषध घरात फवारू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उघड्या वावरात फवारताना माणसं दगावली. बंद खोलीत काय होईल याचा विचार करा.

प्रश्न : दाराला सील लावलं, खिडक्यांना जाळ्या बसवल्या, तरी बेडरूममध्ये दोनदा विंचू निघाला. तळमजला आहे, खिडकीत कूलर आहे. (मानेवाडा)

उत्तर तुमच्या प्रश्नाच्या शेवटी आहे. नागपुरात लोक जाळीच्या दारावर हजारो रुपये घालतात आणि मार्चमध्ये एका खिडकीचे पल्ले उघडून तिथे लोखंडी डबा टेकवतात. भोवतीच्या फटीत पुठ्ठा, थर्माकोल, नाहीतर जुनी चादर कोंबतात. पुठ्ठ्यात झुरळं अंडी घालतात, थर्माकोल उंदीर कुरतडतो आणि चादर ओली राहते.

आता हीच खिडकी बाहेरून पाहा. स्टँडचे पाय मातीत, कुंड्यांच्या गर्दीत. लोखंड गंजलेलं, म्हणजे चढायला खरखरीत. वर ओल्या लाकडी गवताच्या ताट्या आणि त्यांत रातकिडे. पंखा चालू असेपर्यंत वाऱ्याचा झोत असतो. पहाटे गार झालं की आपण कूलर बंद करतो आणि पंख्याचं तोंड सरळ पलंगाकडे उघडं राहतं. त्याहून वाईट म्हणजे पावसाळ्यात कूलर काढतच नाहीत. त्यावर प्लास्टिक टाकतात आणि वाळलेल्या ताट्यांसकट तो पुढच्या मार्चपर्यंत खिडकीत तसाच असतो. मग गवत बदलायला कोणीतरी उघडा हात आत घालतो. ताटीच्या जाळीआड गवताचा रंग आणि लाल विंचवाचा रंग इतका सारखा असतो की तो हलल्याशिवाय दिसत नाही.

काम असं करा. आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. कूलरच्या शॉकने दर उन्हाळ्यात माणसं जातात. टाकी रिकामी करा. जाड चामडी हातमोजे घालून ताट्या दिवसा अंगणात न्या, काठीने झटका, जुनं गवत पोत्यात भरून त्याच दिवशी घराबाहेर काढा. माळ्यावर जपून ठेवू नका.

फटीसाठी १२ मिमी वॉटरप्रूफ प्लायची चौकट करा. बाहेरचं माप खिडकीचं, आतलं कूलरच्या तोंडाचं. ती खिडकीला स्क्रूने बसवून कडेने सिलिकॉन भरा. कूलर आणि प्लाय यांच्यामध्ये मात्र सिलिकॉन लावू नका; मोटरच्या थरथरीने ते थोड्याच दिवसांत सुटतं आणि फट पुन्हा तयार. तिथे १० मिमी जाडीची ईपीडीएम रबराची पट्टी लावा आणि कूलर त्यावर दाबून बसवा. फोमची पट्टी स्वस्त पडते, पण पाणी धरते आणि एका हंगामात कुजते. वायर आणि पाण्याची नळी जिथून आत येते ते भोकही बुजवा.

स्टँडचे पाय मातीतून काढून फरशीच्या तुकड्यावर घ्या. प्रत्येक पायाला जमिनीपासून थोडं वर १५ सेंमी रुंदीचा गुळगुळीत ॲल्युमिनियमचा पत्रा गुंडाळा. स्वच्छ, गुळगुळीत पृष्ठभागावर विंचवाची पकड बसत नाही. धूळ किंवा कोळिष्टक साचलं की बसते, म्हणून आठवड्याला ओलं फडकं फिरवा. आणि पाण्याची नळी जमिनीपर्यंत लोंबकळत ठेवलीत तर हा सगळा खटाटोप वाया. तो नळीवरून चढेल. भिंतीच्या खरखरीत गिलाव्यावरून चढण्याची वाट तरीही उरतेच, म्हणून चौकट महत्त्वाची, पत्रा दुय्यम.

पंख्याच्या तोंडाला मच्छरजाळी लावायची युक्ती अनेक जण विचारतात. ती धुळीने चोंदते, हवा पडते, मोटर तापते. त्याऐवजी चौकटीच्या मापाचं प्लायचं झाकण करून ठेवा. कूलर बंद की झाकण बंद. हंगाम संपला की कूलर उतरवा आणि खिडकी लावा. उतरवणं शक्य नसेल तर झाकण चारही कोपऱ्यांत स्क्रूने आवळा. लोखंडी कूलर असेल तर या कामाआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) तपासून घ्या. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला दाखवून.

प्रश्न : दाराखाली किती फट चालते? (वाठोडा)

दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. रात्री आत अंधार करा, कुणालातरी बाहेरून टॉर्च दाराच्या कडेने फिरवायला सांगा. उजेड दिसला की पिल्लाला वाट आहे. ॲल्युमिनियमच्या पट्टीतलं रबर लावा. नायलॉनच्या ब्रशचे केस वाकतात आणि कोपरे उघडे पडतात. दाराखालची फरशी तिरपी असेल तर पट्टीने भागणार नाही, सुताराला बोलवा. आणि न वापरातल्या न्हाणीत नहाणी ट्रॅपमधलं (मोरीच्या जाळीखालच्या भांड्यातलं) पाणी उन्हाळ्यात आटतं. दर आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. त्या कोरड्या ट्रॅपमधून झुरळं येतात आणि त्यांच्यामागे विंचू.

प्रश्न : आम्ही चौथ्या मजल्यावर. तिथेही येतो? (मनीषनगर)

क्वचित, आणि बहुतेक वेळा तुम्हीच आणता: वाळूची पोती, जुना पलंग, गावाहून आणलेल्या गोवऱ्या, तळघरात पडून राहिलेले खोके. वर नेण्याआधी झटका. पाइपच्या डक्टलगतच्या भिंतीत भोकं असतील तर सोसायटीला लेखी कळवा.

प्रश्न : यूव्ही टॉर्चने विंचू दिसतो म्हणे. खेळणं की खरं? (कोराडी रोड)

खरं. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरची टॉर्च घ्या. विंचवाच्या कवचातली द्रव्यं त्या प्रकाशात हिरवट-निळी चमकतात. मेलेला विंचूही चमकतो. नुकती कात टाकलेला मात्र नीट चमकत नाही, म्हणजे ‘काही दिसलं नाही’ यावर विसंबू नका. अंधार पडल्यावर तासाभराने, बूट घालून, कंपाउंडच्या काळ्या दगडांचे सांधे पाहत चला. पुष्कळदा अख्खा विंचू दिसत नाही, भेगेच्या तोंडाशी चिमट्यांची दोन हिरवी टोकं तेवढी दिसतात. तिथे खडूने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याकडून सांधा १:४ सिमेंट-वाळूने भरून घ्या. उगाच पकडायला जाऊ नका. टॉर्च कुणाच्या डोळ्यावर मारू नका. पोरांच्या हाती तर नकोच.

प्रश्न : खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले तर? (कळमेश्वर)

डेंग्यूचे डास पाळाल. त्याऐवजी कोरड्या, गुळगुळीत, जाड काचेच्या बरण्या वापरा. खाट भिंतीपासून वीतभर दूर, गोधडी जमिनीला न टेकणारी आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली.

प्रश्न : विंचू चावल्यावर चिंचोका उगाळून लावला की विष ओढून घेतो, आमच्याकडे गुण येतो. आणि बावस्करांची ती गोळी घरात ठेवावी का? (काटोल)

चिंचोका काही ओढत नाही. बहुतेक डंखांचा ठणका काही तासांत आपोआप उतरतो आणि श्रेय चिंचोक्याला, बिब्ब्याला, नाहीतर मांत्रिकाला मिळतं. बिब्बा तर कातडी भाजतो. लाल विंचवाच्या बाबतीत हेच काही तास मोलाचे असतात. आणि ठणका कमी म्हणजे विष कमी, असंही समीकरण नाही. ओकारी, दरदरून घाम, तोंडाला लाळ, हातपाय गार, छातीत धडधड, लहान मुलग्याचं लिंग ताठर राहणं, यातलं एक जरी दिसलं तरी विष अंगात भिनतंय. पुढे फुप्फुसांत पाणी भरून श्वास अडकतो. मूल असेल तर लक्षणांची वाटच पाहू नका.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा वापर दाखवून दिल्यापासून लाल विंचवाचे मृत्यू खूप कमी झाले. हाफकिनची प्रतिविष लसही आहे. पण दोन्ही डॉक्टरांच्या हातात द्यायच्या गोष्टी. प्राझोसिनने रक्तदाब धाडकन उतरू शकतो, म्हणून घरात ठेवून स्वतः देऊ नका. हात-पाय दोरीने आवळू नका, चिरू नका, चोखू नका. अंगठी, बांगडी, काळा दोरा काढा, चावलेला भाग हलवू नका, १०८ लावा. नागपुरात मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठा. काटोलात ग्रामीण रुग्णालयाला निघता निघता फोन करा, म्हणजे तयारी राहील. वाटेत मांत्रिकाकडे ‘फक्त पाच मिनिटं’ थांबणारे खूप आहेत. थांबू नका.

प्रश्न : शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर दोन वर्षांपासून मलबा पडलाय, तिथूनच विंचू येतात. काय करावं? फोटो जोडला आहे. (हुडकेश्वर)

महापालिका हद्दीत असाल तर फोटोसह झोन कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. हद्दीबाहेर असाल तर ग्रामपंचायतीत. तोंडी सांगून काम होत नाही. तोवर कंपाउंडच्या आतून मीटरभर पट्टा गवत-पाचोळ्याविना ठेवा. तुमच्याच फोटोत, तुमच्याच भिंतीला टेकून, विटांची थप्पी आणि पऱ्हाट्यांचा भारा दिसतोय. तो आधी हलवा. दिवसा, हातमोजे घालून, वरून एकेक वीट उचलत.