निकेल हायड्रॉक्साइड तापवून केलेल्या ऑक्साइडचा सरफेस एरिया इतका कमी का आला?

तुम्ही लिहिलंय की निकेल नायट्रेटमधे कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड) टाकून पोपटी साका पाडला, वाळवला, क्रुसिबल (तापवायची चिनी मातीची वाटी) काठोकाठ भरून झाकण लावून मफल फर्नेसमधे ६०० डिग्रीला ४ तास ठेवला, पावडर राखाडी-हिरवट झाली आणि बीईटी, म्हणजे मोजलेला सरफेस एरिया, आला ग्रॅममागे जेमतेम १४ चौरस मीटर. मी बडोद्यात बरीच वर्षं कॅटॅलिस्ट (रिअॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) बनवायच्या कामात आहे, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी एक हिशेब करा. ९२.७ ग्रॅम हायड्रॉक्साइडमधून १८ ग्रॅम पाणी निघतं आणि ७४.७ ग्रॅम ऑक्साइड उरतं. वजन १९ टक्क्यांच्या आसपासच घटलं, पण घनता ४.१ वरून थेट ६.७ च्या जवळ जाते, म्हणजे घन मालाला लागणारी जागा निम्मी झाली, आणि कणाचा बाहेरचा आकार तर सुरुवातीला होता तेवढाच असतो, मग उरलेली निम्मी जागा कुठे गेली? ती आत बारीक बारीक भोकांच्या रूपात राहते. तुम्ही जो सरफेस एरिया शोधताय तो त्या भोकांच्या भिंतींचा. पाणी जिथून उठून गेलं तिथे तुमचा कॅटॅलिस्ट तयार झाला, मला आजही हे सुंदर वाटतं.

आता ही भोकं बुजतात कशाने, तर जास्त तापमानाने आणि वाफेने. निकेलचं हायड्रॉक्साइड २५० च्या आसपास तुटायला लागतं आणि ३०० ला बहुतेक काम झालेलं असतं, त्यापुढचं सगळं तापवणं म्हणजे बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होणार. रंगावरूनही कळतं. कमी तापमानाचं ऑक्साइड काळं असतं कारण त्यात थोडा जादा ऑक्सिजन असतो, फार तापवलं की हिरवं होत जातं.

वाफेचं मात्र कुणी नीट सांगत नाही. मी नवा असताना एका कारखान्यात आम्ही ट्रे चार बोटं जाड भरायचो आणि भट्टीचा डँपर (हवा-वाफ बाहेर जायची झडप) बंद, उष्णता वाया जायला नको म्हणून. वरच्या थराचा बीईटी चांगला यायचा आणि तळाचा निम्मासुद्धा नाही, तोच माल, तेच तापमान! पंधरा दिवस आम्ही थर्मोकपल (तापमान मोजायची तार) बदलत बसलो. तळाचा माल स्वतःच्याच वाफेत शिजत होता, गरम भाकरी डब्यात झाकली की घाम सुटून चिवट होते ना, तसंच. ट्रे बोटभर भरून डँपर उघडला आणि फरक मिटला.

तुमच्या साक्यात सोडियम राहिला असेल तर तोही बघा. कॉस्टिक काही तापवून ऑक्साइड होत नाही, ३१८ डिग्रीला नुसतं वितळतं, आणि ते चिकटून राहिलं तर कण एकमेकांना धरतात. गरम डिस्टिल्ड वॉटरने धुवा, गाळलेल्या पाण्याचा पीएच ७ वर येईपर्यंत, आळस करू नका.

तुमचं रिअॅक्शन २८० ला आहे म्हणालात, म्हणून मी ३५० ठेवेन. वापरायच्या तापमानापेक्षा थोडं वर भाजायचं, नाहीतर माल रिअॅक्टरमधेच आकसतो. मिनिटाला २ डिग्रीने चढवा, पसरट चायना डिशमधे पातळ थर, झाकण नाही, जमलं तर भट्टीत हळू कोरडी हवा सोडा, २-३ तास पुरे.

पण हा ३५० चा आकडा दुसऱ्या धातूला लावू नका. तांब्याचं निळं हायड्रॉक्साइड गरम पाण्यातच काळं पडतं. अॅल्युमिनियमचं अगदी उलट, गॅमा अॅल्युमिनासाठी (अॅल्युमिनियम ऑक्साइडचा भोकाभोकांचा प्रकार) ५०० च्या आसपास जावंच लागतं, डिझेलमधलं सल्फर काढायचे कॅटॅलिस्ट बहुतेक त्यावरच बसवलेले असतात, आणि तेच ११०० च्या वर नेलं की अल्फा (घट्ट, भोकं नसलेला प्रकार) होऊन सरफेस एरिया गेलाच.

या वेळी आधीचं-नंतरचं वजन लिहून ठेवा. घट १९.४ टक्क्यांहून बरीच जास्त आली तर माल ओला होता किंवा नायट्रेट अडकलंय. आणि पावडर काढताना मास्क लावाच, निकेल ऑक्साइडची धूळ श्वासात गेली तर कॅन्सरचा धोका असतो, हे प्रोजेक्टच्या घाईत मुलं विसरतात.