मानवशास्त्राच्या मध्ये हा 'वंश' कशाला?

प्रश्न: कॉलेजात अँथ्रपॉलॉजी घेणार आहे. मराठीत मानवशास्त्र म्हणायचं, मानववंशशास्त्र की मानव्यविद्या? आणि मुख्य शाखा कोणत्या?

मानवशास्त्र. मानव्यविद्या म्हणजे भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान वगैरेंचा गठ्ठा. तिचा इथे संबंध नाही.

'मानववंशशास्त्रज्ञ' ऐकून ऐकून मात्र कान किटलेत. ऐकणाऱ्याला वाटतं, हे गृहस्थ आता नाक मोजून आपला वंश सांगणार. एके काळी मोजायचेही. पण फ्रांझ बोआस या मानवशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची डोकी मोजली, आणि तिथे जन्मलेल्या मुलांच्या डोक्याची ठेवण आईबापांपेक्षा वेगळी निघते, हे १९११ साली मांडलं. ज्या मापावर वंशांची वर्गवारी उभी होती, तेच डळमळलं. आमच्या मराठीतला वंश मात्र हलायला तयार नाही.

त्याचे कैवारी म्हणतात, इथे वंश म्हणजे अख्खी मानवजात. अहो, 'मानव' म्हणजेच मनूचं अपत्य! वंश त्या प्रत्ययातच आला. त्यापुढे पुन्हा वंश लावणं म्हणजे पिवळा पीतांबर.

खरी गंमत 'मनुष्य' शब्दात आहे. पाणिनी तो मनूपासून साधतो, आणि व्याकरण म्हणून ते बिनतोड आहे. पण यास्क हा प्राचीन पंडित निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या आपल्या ग्रंथात, काय म्हणतो पाहा: 'मत्वा कर्माणि सीव्यन्ति'. विचार करून कर्मं शिवतात, ते मनुष्य. यातला सिव् धातू तोच, ज्यातून आपलं 'शिवणे' आलं. मनूचं अपत्य हा पर्याय यास्कही पुढे देतो, म्हणून पंडित पहिल्याला कल्पनाविलास म्हणून निकालात काढतात. काढोत बापडे. या विषयाची याहून नेमकी व्याख्या मला तरी ठाऊक नाही. सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेत हिमयुगातली हाडाची सुई सापडली आहे, चक्क नेढ्यासकट! नेढं पाडणाऱ्याला दोरा आधी सुचलेला असतो. 'मत्वा' आणि 'सीव्यन्ति' दोन्ही त्या एका भोकात आले.

हो, शाखा राहिल्याच. सुईवरच सांगतो. ती उकरून काढून तिचा काळ ठरवणं हे पुरातत्त्व. ती धरणारा हात कोणत्या मानवप्रजातीचा, त्याचं शरीर थंडीत कसं तगलं, हे जैविक मानवशास्त्र. जुन्या पुस्तकांत यालाच शारीरिक म्हणतात. शिवायचं बायांनी की पुरुषांनी, कोणता पोशाख कोणी घालायचा, हे सामाजिक-सांस्कृतिक. आणि हे सगळं माणसं कोणत्या शब्दांत बोलतात, कोणासमोर कोणता शब्द टाळतात, हे भाषिक मानवशास्त्र.

या चौघी एका विभागात नांदतात ती बोआसच्या वळणाची अमेरिकी पद्धत. ब्रिटिश वळणाच्या विभागांत भर सामाजिक मानवशास्त्रावर असतो आणि पुरातत्त्वाची चूल बरेचदा वेगळी असते. तेव्हा प्रवेशाआधी अभ्यासक्रम उघडून बघा.