ॲसेटिक ॲसिडचा कच्चा माल: मिथेनॉलआधी कार्बन मोनॉक्साइडचं बघा

प्रश्न थोडक्यात असा: मिथेनॉल जहाजाने, टँकरने कुठेही मिळतं आणि त्याच्यापासून ॲसेटिक ॲसिड करणं सर्वांत किफायतशीर मानलं जातं. मग इथेनॉलवर चालणारे छोटे प्लांट अजून कसे टिकून आहेत? आणि नवा प्लांट काढायचा तर कच्चा माल कशावरून ठरवायचा?

या हिशेबात निम्मा माल धरलेलाच नाही. मिथेनॉलचा रेणुभार ३२, कार्बन मोनॉक्साइडचा २८, दोन्ही जोडले की ६०, म्हणजे नेमकं ॲसेटिक ॲसिड. १ टन ॲसिडला कागदावर ५३३ किलो मिथेनॉल आणि ४६७ किलो कार्बन मोनॉक्साइड लागतो. मिथेनॉल टाकीत भरून ठेवता येतं. कार्बन मोनॉक्साइड विषारी तर आहेच, शिवाय उणे १४० अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाब दिला तरी तो द्रव होत नाही. टनामागे सुमारे ३७४ घनमीटर वायू (शून्य अंश, १ वातावरण दाब) लागतो, तो सिलिंडरमधून आणून भागत नाही. तो शेजारीच तयार व्हावा लागतो आणि पाइपने यावा लागतो. म्हणून मिथेनॉल रूटची जागा मिथेनॉल ठरवत नाही, कार्बन मोनॉक्साइड ठरवतो.

तो करायचा कशातून? नैसर्गिक वायूचं स्टीम रिफॉर्मिंग (तापलेल्या वाफेशी क्रिया) केलं तर कार्बन मोनॉक्साइडच्या एका भागामागे हायड्रोजनचे साधारण तीन भाग निघतात. म्हणजे १ टन ॲसिडपुरता कार्बन मोनॉक्साइड काढताना जवळजवळ १०० किलो हायड्रोजन हातात येतो. शेजारी रिफायनरी किंवा अमोनिया प्लांट असेल तर तो उत्पन्न देतो, नसेल तर जाळायचा. कोळसा किंवा रिफायनरीतला जड गाळ ऑक्सिजनवर गॅसिफाय केला (अर्धवट जाळून वायू केला) तर हे प्रमाण खूप खाली येतं. मिथेनॉलही तिथेच बनवायचं असेल तर ते सोयीचं पडतं, कारण मिथेनॉल धरून अख्ख्या साखळीला हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड समसमानच लागतात. मात्र ऑक्सिजनसाठी एअर सेपरेशन युनिट आणि राख-गंधकाची सगळी उस्तवार अंगावर येते.

पुढची पायरी कोल्ड बॉक्सची, म्हणजे वायू खूप थंड करून त्यातून कार्बन मोनॉक्साइड वेगळा काढण्याची. आत जाण्याआधी कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प पूर्ण काढावंच लागतं, नाहीतर एक्स्चेंजरमध्ये गोठून वाट बंद होते. नायट्रोजन मात्र तिथेही चकवतो. त्याचा उत्कलनबिंदू उणे १९६ आणि कार्बन मोनॉक्साइडचा उणे १९१.५, म्हणजे अंतर जेमतेम साडेचार अंशांचं. तो मुळातच फीडमध्ये येऊ न देणं स्वस्त. नायट्रोजन आणि मिथेन रिॲक्टरमध्ये काही करत नाहीत, नुसते साठतात. कार्बन मोनॉक्साइडचा आंशिक दाब उतरतो, मग पर्ज (साठलेला निरुपयोगी वायू बाहेर सोडणं) वाढवावा लागतो आणि त्याच्याबरोबर चांगला वायूही निघून जातो. हायड्रोजन निष्क्रिय नाही. त्याच्यामुळे ॲसिटाल्डिहाइड वाढतं आणि त्यातून पुढे प्रोपिऑनिक ॲसिड. गॅसचा करार करताना ‘शुद्धता ९८ टक्के’ एवढ्यावर सही करू नका, उरलेले २ टक्के कशाचे ते लिहून घ्या.

आता रिॲक्टर. बीएएसएफची १९६०ची कोबाल्ट-आयोडाइड कॅटॅलिस्टची (क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाची) पद्धत २५० अंश आणि ६८० बारच्या आसपास चालायची. मिथेनॉलवर उतारा (घातलेल्या मालातला ॲसिडमध्ये उतरलेला भाग) ९० टक्के, कार्बन मोनॉक्साइडवर ७०. १९७०मध्ये मॉन्सँटोने कोबाल्टच्या जागी ऱ्होडियम धातू आणला आणि तेच काम १५० ते २०० अंश, ३० ते ६० बारमध्ये होऊ लागलं. मिथेनॉलवरचा उतारा ९९च्या वर, कार्बन मोनॉक्साइडवरचा ९०च्या आसपास. हे उरलेले १० टक्के मुख्यतः वॉटर-गॅस शिफ्टमध्ये जातात: पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन.

मग पाणी ठेवायचंच कशाला? ऱ्होडियम द्रावणात राहावा म्हणून. मॉन्सँटो पद्धतीत रिॲक्टरमध्ये वजनाने १४-१५ टक्के पाणी असतं. खरी गोम रिॲक्टरच्या पुढच्या फ्लॅश टँकमध्ये आहे. द्रव वॉल्व्हमधून तिथे येतो, दाब एकदम उतरतो, क्रियेच्या उष्णतेवरच (मोलमागे सुमारे १३५ किलोज्यूल) ॲसिड वाफ होऊन वर जातं आणि कॅटॅलिस्ट असलेला द्रव खालून रिॲक्टरकडे परततो. त्या काही मिनिटांत ऱ्होडियमभोवती कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नसतो. पाणी कमी पडलं किंवा टँकची लेव्हल उगाच वर ठेवून द्रव जास्त वेळ तिथे थांबवला, की ऱ्होडियम ट्रायआयोडाइड होऊन तळाशी बसतो. रिॲक्टरचा वेग हळूहळू उतरतोय, कार्बन मोनॉक्साइडचा दाब आणि मिथाइल आयोडाइड (ऱ्होडियमच्या जोडीचं आयोडाइड) तर ठीक आहे, असं दिसलं तर आधी फ्लॅश टँककडे बघावं. वेग ऱ्होडियम आणि मिथाइल आयोडाइडवर ठरतो. मिथेनॉलचा फीड वाढवून तो वाढत नाही.

पाणी जास्त म्हणजे ड्राइंग कॉलमवर (ॲसिडमधून पाणी उडवणाऱ्या स्तंभावर) वाफेचं बिल जास्त. ॲसिड आणि पाण्याचा ॲझिओट्रोप (उकळूनही वेगळं न होणारं मिश्रण) नाही, पण पाण्याच्या टोकाला दोघांची बाष्पशीलता इतकी जवळ येते की कॉलम उंच आणि रिफ्लक्स (वरून कॉलममध्ये परत सोडलेला द्रव) भरपूर लागतो. सेलनीझने १९८०च्या दशकात लिथियम आयोडाइड भरपूर घालून पाणी ४-५ टक्क्यांवर आणलं. बीपीची १९९६ची कॅटिव्हा पद्धत इरिडियमवर चालते, रुथेनियमच्या जोडीने, आणि कमी पाण्यातही इरिडियम सहसा खाली बसत नाही. पाणी कमी केल्याचा त्रास दुसरीकडे निघतो: ॲसिटाल्डिहाइडपासून क्रोटोनाल्डिहाइडसारखी अशुद्धी होते आणि शुद्धता तपासणाऱ्या परमँगनेट टेस्टमध्ये रंग लवकर उडतो.

धातूंचा खर्च वेगळा धरा. साध्या ॲसेटिक ॲसिडला ३१६एल स्टेनलेस स्टील पुरतं, आयोडाइड आलं की झिर्कोनियम किंवा हॅस्टेलॉय बी (निकेलचा मिश्रधातू) लागतं. गंजून आलेलं लोह, निकेल, क्रोमियम वॉटर-गॅस शिफ्टला आणखी जोर देतात, म्हणून रेझिनमधून ते काढत राहावं लागतं. ग्राहक व्हिनाइल ॲसिटेटवाला असेल तर आयोडाइड पीपीबीच्या (अब्जात काही भाग) पातळीवर उतरवायला चांदी चढवलेलं रेझिनही लागतं, कारण त्याचा पॅलेडियम कॅटॅलिस्ट आयोडाइडने मरतो.

एवढं सगळं वर्षाला काही लाख टनांच्या प्लांटवरच वसूल होतं. इथेनॉलवाले टिकतात ते याच कारणाने. इथेनॉलपासून ॲसिटाल्डिहाइड, आणि मँगनीज ॲसिटेटच्या जोडीने ६०-८० अंशांवर, ३ ते १० बारला हवा फुंकून ॲसिड. ना आयोडाइड, ना झिर्कोनियम, ना कोल्ड बॉक्स. वर्षाला काही हजार टनांतही जमतं. किंमत मोजावी लागते ती उताऱ्यात: १ टनाला कागदावरच ७६७ किलो इथेनॉल, प्रत्यक्षात ८००च्या वर. शिवाय लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी निम्मा ॲसिडमध्ये जातो आणि निम्म्याचं नुसतं पाणी होतं. त्यामुळे इथेनॉल मिथेनॉलच्या दीडपट भावाला मिळालं तरी गणित तंगच. ते स्वतःच्या डिस्टिलरीतून येत असेल, किंवा ॲसिड आपल्याच एथिल ॲसिटेटला जाणार असेल, तर गोष्ट वेगळी.

या रूटला साधा समजू नका. ऑक्सिडायझर (हवा फुंकायचा रिॲक्टर) थंड असताना हवा सोडली किंवा मँगनीज कमी पडलं, तर पेरॲसेटिक ॲसिड साठत जातं आणि पुढे तापमान चढल्यावर एकदम फुटतं. मँगनीज तिथे वेग वाढवण्याइतकंच पेरॲसिड साठू न देण्यासाठी असतं. वेंटमधला ऑक्सिजन चढू लागला तर क्रिया मंदावली असं धरून आधी हवा बंद करा, कारण नंतर शोधा. ॲसिटाल्डिहाइड २०-२१ अंशांना उकळतं आणि हवेत ४ टक्क्यांपासून जवळजवळ ६० टक्क्यांपर्यंत पेटतं.

बाकीचे पर्याय पटकन. एथिलीन वॅकर पद्धतीने (आधी ॲसिटाल्डिहाइड करून) किंवा शोवा डेंकोच्या १९९७च्या थेट पद्धतीने वापरता येतं, पण एथिलीन फार स्वस्त असेल तिथेच. ब्युटेन-नॅफ्था ऑक्सिडेशनमध्ये फॉर्मिक, प्रोपिऑनिक, ॲसिटोन अशी वरात निघते, सगळ्यांना गिऱ्हाईक असेल तरच त्या वाटेला जावं. ॲसिटिलीनची पाऱ्यावरची पद्धत जपानमधल्या मिनामाताच्या पारा-विषबाधेनंतर (तिथे ती १९३२ ते १९६८ चालली) विचारात घेण्यासारखी राहिलेली नाही. आंबवून केलेलं ॲसिड १० टक्क्यांचं धरलं तर टनामागे ९ टन पाणी काढायचं आलं. ते व्हिनेगर म्हणून विकणं बरं.

मिथेनॉलच्या बाजूने निर्णय झुकत असेल तर गॅस पुरवणाऱ्याला भावाआधी एक विचारा: तुमचं गॅसिफायर ट्रिप झालं (अचानक बंद पडलं) तर आमच्या हेडरला (मुख्य पाइपला) दाब किती मिनिटं टिकेल? मिथेनॉलची टाकी कित्येक दिवस पुरते. कार्बन मोनॉक्साइड थांबला की ऱ्होडियम अख्ख्या रिॲक्टरमध्ये खाली बसायला लागतो, आणि तेवढ्या वेळात रिॲक्टर थंड करून, फ्लॅशकडचा प्रवाह बंद करून आहे तो दाब आत कोंडून धरावा लागतो.